पाटीवर आमच्या गावाचं नाव लिहा

प्रति,
छत्रपती संभाजीनगरातली संग्रहालयं आणि वारसास्थळं सांभाळणारे अभिरक्षक, अधिकारी, आणि दारावर तिकीट फाडणाऱ्यापासून आत दिवे लावणाऱ्यापर्यंत सगळे

सप्रेम नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. दिवाळीची सुट्टी संपली की आमच्याकडं सहलीचे वारे वाहू लागतात आणि एसटीच्या लाल गाडीतून आम्ही पोरं घेऊन तुमच्या शहरात उतरतो. एकट्या आमच्या शाळेची ही गोष्ट नाही. परभणी, हिंगोली, जालना, बीड, नांदेड, कुठल्याही शाळेचा मार्ग विचारा, डोळे झाकून सांगतील: पाणचक्की, मकबरा, दौलताबाद, भद्रा मारुती, वेरूळ, घृष्णेश्वर, आणि वेळ उरला तर पुढं शिर्डी. या यादीत संग्रहालय नसतं. ते का नसतं आणि ते यादीत यावं म्हणून तुम्हाला काय करता येईल, एवढंच सांगायला हे पत्र लिहितेय. मागणी एकच आहे. तिला निविदा लागत नाही, निधी लागत नाही.

आधी सहल ठरते कशी ते सांगते, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं की आम्हा मास्तर लोकांना इतिहासाची गोडी नाही. गोडी आहे हो. पण सहलीचा मार्ग गोडीवर ठरत नाही. गाडी कुठं लावता येते, मुलींना जायला स्वच्छ मोरी कुठं आहे आणि डबा कुठं सोडायचा, या तीन प्रश्नांवर तो ठरतो. प्रत्येक पोराच्या पिशवीत धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि फुटलेल्या झाकणाची लोणच्याची बरणी असते. साठ-सत्तर पोरं गोल करून बसतील एवढी सावली जिथं आहे, तिथं आम्ही थांबतो. पाणचक्कीला वड आहे, मकबऱ्याला बाग आहे. संग्रहालयाच्या दारात बहुतेक वेळा कुंड्या असतात आणि ‘येथे बसू नये’ अशी पाटी असते. ती पाटी मात्र मोठ्या अक्षरात असते.

हे झालं गाडी-घोड्याचं. याचा बंदोबस्त होईल तेव्हा होईल. माझी मागणी वेगळी आहे.

पोरांना काय आवडतं ते मी बघत आलेय. पाणचक्कीत शिरल्यावर पहिला प्रश्न येतो, “मॅडम, मोटर कुठंय?” पोरांच्या जगात पाणी चढवायचं म्हणजे मोटर हवी, आणि मोटरीला लाईट. उत्तरेच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी खापरी नळातून जमिनीखालून इथपर्यंत आणलंय आणि उगम उंचावर असल्यामुळं बंद नळातलं पाणी इथं आपोआप वर चढतं, हे सांगितलं तर त्यांचा विश्वास बसत नाही. मग ते पाणी वरून पडून चाक फिरवतं, चाकावर जातं फिरतं आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकीर-प्रवाशांसाठी त्यावर दळण व्हायचं. हौदाच्या खाली एक मोठं दालन आहे आणि दालनाचं छत म्हणजेच हौदाचा तळ, हे कळल्यावर आमची पोरं वर-खाली, वर-खाली पळत सुटतात. हे सगळं मी सांगते म्हणून त्यांना कळतं. ज्या शाळेच्या मास्तरांना ठाऊक नाही त्यांची पोरं हौदातले मासे बघून गाडीत बसतात. दाराशी एक उभा छेद काढलेलं चित्र लावा, डोंगर, नळ, बुरूज, हौद, जातं. सहावीचं पोरगं स्वतःचं स्वतः समजून घेईल.

मकबऱ्याचं तर मला फार वाईट वाटतं. ‘ताजमहालची नक्कल’ एवढं बोलून मोठी माणसं मोकळी होतात आणि पोरंही तेच घोकत घरी जातात. अरे, हात लावून बघा की. भिंतीला कमरेइतका संगमरवर आणि त्याच्यावर चुन्याचा गिलावा, तोही इतका गुळगुळीत की कुठं दगड संपला आणि कुठं चुना सुरू झाला ते बोटालाच कळतं. १६५७ साली वारलेल्या दिलरास बानू बेगमेसाठी, म्हणजे औरंगजेबाच्या बायकोसाठी, हे उभं राहिलं. खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे, असा आकडा सांगितला जातो. त्या सात आण्यांवर माझी पोरं जाम खूश होतात. सात आणे कसले लिहिता, म्हणून हसतात, आणि मग रुपयाचे सोळा आणे हे मला फळ्याशिवाय शिकवता येतं. तॅव्हर्निये नावाच्या फ्रेंच प्रवाशानं सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना वाटेत संगमरवर लादलेल्या सुमारे ३०० गाड्या पाहिल्याचं लिहून ठेवलंय. बैलगाडी माहीत असलेल्या पोराला ‘३०० गाड्या’ म्हटलं की तो डोळ्यांसमोर रांग धरतो, वैरणीचा हिशोब करतो. आणि मुख्य दारावर वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय ही दोन नावं आहेत. बादशहाच्या घरच्या इमारतीवर कारागिरांची नावं! हे मोठ्यानं कुणी सांगत नाही. लोक जाळीतून खाली कबरीवर नाणी टाकतात आणि बाहेर येऊन कुल्फी खातात.

दौलताबादला पाटी लागत नाही. अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारात शिरलं, वटवाघुळं फडफडली, पाय घसरला, की पोरांना किल्ला कळतो. वेरूळलाही कैलास लेणं स्वतःच बोलतं. वरच्या कड्यावर नेऊन उभं केलं आणि ‘हे कळसाकडून पायाकडं कोरत आणलंय’ एवढं सांगितलं की पुरे. पुरातत्त्व खात्याच्या अशा जागी १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, याबद्दल मनापासून आभार. आमच्या पालकांच्या खिशाला तेवढाच आधार.

आता संग्रहालयाकडं येते.

शहरातल्या एका संग्रहालयात, नाव घेत नाही कारण इतर ठिकाणीही थोड्याफार फरकानं असंच आहे, मी पोरांना घेऊन गेले होते. सोबत शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या आमच्या मावशी होत्या. पोरं तलवारींपाशी थांबली आणि मावशी एका दगडापाशी. चार बुटके पाय असलेला पाटा होता तो. सातवाहनांच्या वस्त्यांवर असे पायाचे पाटे सापडतात, तेर, भोकरदन, नेवासे, सगळीकडं. मधोमध खोलगट झालेला आणि एका अंगाला जरा जास्तच झिजलेला. मावशी वाकून वाकून बघत होत्या. म्हणाल्या, “बाई एका खांद्यावर जोर देऊन वाटत होती. दुसरा खांदा दुखत असंल तिचा.” मग मला विचारलं, “कोण्या गावची होती?”

मी पाटी वाचली. ‘पाटा. दगड. सातवाहन काळ.’ दगडाच्या कडेला पांढऱ्या रंगात एक आकडा होता. संपलं.

मावशींचा प्रश्न साधा होता, आणि आमच्या भागातला कुणीही माणूस पहिला हाच प्रश्न विचारतो. आम्ही एसटीत शेजारी बसलेल्यालाही आधी गाव विचारतो, मग नाव. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाईला वेगळा नियम का लावायचा? आणि गंमत म्हणजे उत्तर तुमच्याकडं आहे. तो पांढरा आकडा उगीच नाही, तो नोंदवहीतला क्रमांक आहे. त्या नोंदवहीत वस्तू कुठून आली, उत्खननातली की कुणी आणून दिलेली, हे लिहिलेलं असतं. तुमच्या कपाटात ते आहे, पाटीवर नाही. माझी मागणी एवढीच की कपाटातलं गाव पाटीवर आणा. ‘सातवाहन काळ’च्या खाली एक ओळ: गाव, तालुका, कसं सापडलं.

एका ओळीनं काय फरक पडतो, असं वाटत असेल तर सांगते.

आमच्या मुलांच्या पुस्तकात इतिहास नेहमी दुसरीकडं घडतो. पुण्यात, रायगडावर, दिल्लीत, पानिपतात. मराठवाडा म्हटलं की दुष्काळ, टँकर आणि ऊसतोड. या पोरांना कुणी सांगितलंय का, की पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या वाटाड्या-पुस्तकात पैठण आणि तेर ही दोन्ही नावं आहेत? गुजरातेतल्या भडोच बंदराहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे तेर, असं त्यात लिहिलंय. पैठणहून मौल्यवान खडे आणि तेरहून कापड बंदराकडं जायचं, गाड्या भरून, वाट नसलेल्या मुलखातून. आज तेर म्हटलं की आम्हाला गोरा कुंभार आठवतो, आणि आठवायलाच हवा. पण त्याच्या हजार वर्षं आधी तिथली माणसं रोमला जाणाऱ्या मालाचे गठ्ठे बांधत होती.

आणि भोकरदन! इटलीत ज्वालामुखीच्या राखेखाली इसवी सन ७९ मध्ये गाडलं गेलेलं पाँपेई, तिथं १९३८ साली एक वीतभर हस्तिदंती बाई सापडली, अंगभर दागिने, भारतीय घडणीची. तिच्यासारखीच हस्तिदंती मूर्ती तेरला सापडली आहे आणि तशाच मूर्तीचा तुकडा भोकरदनच्या उत्खननात निघालाय. भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन, आणि तिथल्या दानशूर लोकांची नावं पार मध्य भारतातल्या भरहुतच्या स्तूपावर कोरलेली आहेत. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या पोराला आज विचारा, तुझ्या गावाचं काय प्रसिद्ध? तो बाजार सांगेल. चुकलं त्याचं? नाही. त्याला दुसरं काही दिसलंच नाही कधी. संग्रहालयात जाऊन काचेला नाक लावलं तरी त्याला ‘मणी, सातवाहन काळ’ दिसेल. तो मणी त्याच्या आज्याच्या वावरातून निघालेला असू शकतो.

यावर काही जाणकार म्हणतात की गावाचं नाव जाहीर केलं की लोक तिथं जाऊन उकरतात. ही भीती खोटी नाही. पण आमच्याकडं उकरायला पाटीची वाट कुणी बघत नाही हो. जुन्या वस्तीच्या टेकाडाला आम्ही पांढर म्हणतो. माळवदावर टाकायला, भिंती लिंपायला पांढरीची माती चांगली, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या गाड्या भरभरून ती माती गेली. पहिला मोठा पाऊस झाला की पांढरीवर मणी उघडे पडतात, ते लहान पोरं वेचतात, काही दिवस खेळतात आणि हरवतात. नांगराला एखादी मूर्ती लागली तर ती मारुतीच्या पारावर वीरगळांच्या, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या दगडांच्या, रांगेत ठेवतात आणि शेंदूर फासतात. कुणाला हंडा-बिंडा लागला तर तो गप्प बसतो. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपयांत आता दोन चहा येत नाहीत. हा कायदा गावात ऐकून माहीत असतो तो एवढाच: ‘सरकार घेऊन जातं.’ आणि घेऊन गेल्यावर ती वस्तू कुठं गेली, कुठल्या कपाटात पडली, हे गावाला परत कधीच कळत नाही. मग का द्यावी?

उलटा विचार करा. शेतकरी पोराला घेऊन शहरात आला, दवाखान्याचं काम झालं, बस सुटायला दोन तास आहेत, म्हणून संग्रहालयात शिरला. आणि काचेत पाटी: ‘वीरगळ. अमुक गाव, तालुका जिंतूर. शेताच्या बांधावर सापडला, ग्रामस्थांनी दिला.’ तो माणूस गावात जाऊन काय सांगेल? मोबाइलवर फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकेल, चावडीवर तीन दिवस तोच विषय चालेल. पुढच्या वेळी कुणाच्या वावरात काही निघालं तर लपवण्याआधी तो एकदा तरी विचार करेल. पांढर वाचवायला पहारेकरी किती ठेवणार? गावाला गोष्ट आपली वाटली तर गावच पहारा देईल.

हे जमतं याचे दाखले आपल्याच भागात आहेत. तेरचं संग्रहालय उभं राहिलं ते तिथल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांच्या छंदातून. त्यांनी गावात, शेतात निघालेल्या वस्तू जपल्या, पुढं सरकारनं तो ठेवा सांभाळायला घेतला. पैठणला बाळासाहेब पाटलांच्या संग्रहाचंही तसंच. दोन्ही संग्रहालयांवर नावं कुण्या राजाची नाहीत, वेचणाऱ्या माणसांची आहेत. तिथं वस्तूला गाव विचारावं लागत नाही, कारण दाराबाहेर पडलं की गाव आहे. शहरात आल्यावर ती ओळख पुसली जाते, म्हणून शहरातल्या तुम्हा मंडळींना लिहितेय.

आमच्या भागातल्या जुन्या माणसांना ‘म्युझियम’ म्हटलं की आजही हैदराबादच आठवतं. १९४८ पर्यंत आपली राजधानीच ती, आणि परभणीहून रात्री रेल्वेत बसलं की सकाळी तिथं. सालारजंगमध्ये गेलेला माणूस दोन गोष्टी सांगतो: बुरखा घेतलेल्या रिबेकाचा संगमरवरी पुतळा आणि घड्याळ. त्या घड्याळासमोर लोक तासाचा ठोका पडायच्या आधीपासून जागा धरून बसतात. आतून एक इवला दाढीवाला बाहेर येतो, ठोके देतो, परत जातो. अख्खं दालन टाळ्या वाजवतं. हजारो वस्तू आहेत तिथं, पण घरी येऊन लोक सांगतात तो ठोके देणारा. आपल्याकडं असं घड्याळ नाही. पण ज्या वस्तूपाशी माणूस थांबेल, दुसऱ्याला हाक मारेल, ‘ए, इकडं ये, हे बघ आपल्या इकडचं’ म्हणेल, ती वस्तू तुमच्या कपाटात आत्ताही आहे. तिचा पत्ता तेवढा लिहायचाय.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानं २०१५ पासून एक बसच संग्रहालय करून फिरवायला काढली. तसं काही मराठवाड्यासाठी निघालं तर सोन्याहून पिवळं, पण ती मागणी मी करत नाही, कारण तिच्यासाठी फायली फिरतील. पाटी बदलायला साधा छापील कागद आणि प्लॅस्टिकचं वेष्टण पुरतं. अक्षर जरा मोठं करा आणि पाटी पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा, म्हणजे मला प्रत्येकाला उचलून दाखवावं लागणार नाही. मजकूर कठीण वाटला तर आमच्या शाळांना पाठवा, पाचवीची पोरं वाचताना कुठं अडतात ते खुणा करून परत पाठवू. एका अक्षराचे पैसे घेणार नाही.

जाता जाता दोन बारीकसारीक. बंदचा वार गेटवर तर लिहाच, पण फोनवरही कुणीतरी सांगेल असं बघा. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद, हे आम्हाला पाठ झालंय. बाकी ठिकाणी दारापाशी पोहोचल्यावर कळतं. आणि मूर्तीसमोर आमच्या गावच्या बायांनी चपला काढल्या, हात जोडले, तर त्यांच्यावर ओरडू नका. त्या काचेला हात लावणार नाहीत. शंख कुठल्या हातात आणि चक्र कुठल्या, हे पाटी न वाचता सांगतील त्या तुम्हाला.

यंदाच्या सहलीतून शिर्डी काढून त्या जागी संग्रहालय घालावं असं माझ्या मनात आहे. पालकसभेत यावर गोंधळ होणार हे मला आत्ताच दिसतंय, कारण शिर्डीला जायचं म्हणूनच निम्म्या आया परवानगी देतात. त्यांना सांगायला मला एक वाक्य हवंय: ‘तिथं आपल्या तालुक्यातली वस्तू आहे आणि खाली आपल्या गावाचं नाव लिहिलंय.’ परभणी जिल्ह्यातून आलेलं काय काय तुमच्याकडं आहे, तेवढं नोंदवहीतून बघून कळवलंत तर बरं होईल. एसटीचं बुकिंग नोव्हेंबरातच करावं लागतं, तेव्हा उत्तर त्याआधी यावं.

आपली,
परभणी जिल्ह्यातली एक प्राथमिक शिक्षिका